2,503 बळी आणि फक्त 19 कसोट्या: कॉलिन ब्लाइथची कारकीर्द कशी वाचायची

जुन्या क्रिकेट नोंदींमध्ये एक ओळ आहे. कॉलिन ब्लाइथ, इंग्लंडचा गोलंदाज, केंट, 1899 ते 1914. प्रथम श्रेणीचे सामने 439, बळी 2,503, बळीमागे सरासरी 16.81 धावा. शेजारी कसोटीचा रकाना: सामने 19, बळी बरोबर 100.

ही ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा छपाईत काही तरी घोळ झालाय असंच मला वाटलं होतं. आज एखाद्याने पाचशे प्रथम श्रेणी बळी घेतले की त्याचा सत्कार होतो. या माणसाने त्याच्या पाचपट घेतले, तेही सोळा हंगामांत. आणि एवढं असूनही इंग्लंडकडून खेळायचं बोलावणं फक्त 19 वेळा? याचं अर्धं उत्तर ब्लाइथच्या डाव्या हाताच्या बोटांमध्ये आहे. उरलेलं अर्धं त्या काळच्या कौंटी क्रिकेटच्या रचनेत आहे, आणि ते फारसं कुणी समजावून सांगत नाही. ती रचना कळली की 2,503 हा आकडा एखाद्या कारागिराच्या हजेरीपटासारखा वाचता येतो. अमुक दिवस कामावर हजर, अमुक इतकं काम उरकलं.

आधी कौंटी म्हणजे काय ते पाहू. इंग्लंडचे जुने परगणे म्हणजे कौंट्या. केंट हा लंडनच्या आग्नेयेला समुद्रापर्यंत पसरलेला परगणा, फळबागांचा आणि बिअरसाठी लागणाऱ्या हॉप्सच्या मळ्यांचा. 1905 पासून अशा सोळा कौंट्यांचे संघ दरवर्षी कौंटी अजिंक्यपदासाठी खेळत. कुणीही कुठल्याही संघात जायचं नाही. तुमचा जन्म त्या कौंटीत झालेला हवा, नाही तर सलग दोन वर्षं तिथं वास्तव्य हवं. ब्लाइथ जन्मला 30 मे 1879 रोजी डेप्टफर्डमध्ये. 1889 मध्ये राज्यकारभाराच्या नकाशावर डेप्टफर्ड लंडनमध्ये गेलं, पण क्रिकेटने जुनाच नकाशा धरून ठेवला. म्हणून लंडनच्या धुरात वाढलेला हा मुलगा केंटचा खेळाडू होऊ शकला.

वडील वुलिचच्या शस्त्रास्त्र कारखान्यात फिटर. भावंडं पुष्कळ, घर गर्दीचं. शाळा संपल्यावर थोरला कॉलिनही त्याच कारखान्यात कामाला लागला. प्रकृती नाजूक होती, आणि डॉक्टरांनी मोकळ्या हवेत राहायला सांगितलं होतं. 1897 च्या जुलैमध्ये सुट्टीच्या दिवशी तो ब्लॅकहीथच्या रेक्टरी फील्ड मैदानावर केंट आणि सॉमरसेटचा सामना बघायला गेला. प्रेक्षक फार नव्हते. केंटचा एक गोलंदाज, वॉल्टर राइट, सरावासाठी बाहेर आला आणि त्याने जवळच्या या पोराला दोन-चार चेंडू टाकायला सांगितले. कडेला केंटचे प्रशिक्षक कॅप्टन विल्यम मॅकॅन्लिस उभे होते. त्यांनी ते चेंडू पाहिले आणि पोराला चाचणीसाठी बोलावून घेतलं.

गोष्ट योगायोगाची वाटते, पण तो योगायोग उचलून धरायला मागे एक व्यवस्था उभी होती. त्याच वर्षी केंटने टनब्रिजच्या एंजल मैदानावर तरुण व्यावसायिक खेळाडू घडवण्यासाठी एक शाळाच काढली होती. तिला ते 'नर्सरी' म्हणत, रोपवाटिका. मुलांना पगार, रोज नेटमध्ये गोलंदाजी, क्लबच्या सभासदांना सराव देणं, मॅकॅन्लिस यांची बारीक नजर. इतर बहुतेक कौंट्या अजून नशिबाने एखादा हिरा सापडायची वाट बघत होत्या. केंटने बी पेरलं होतं. पुढं केंटने 1906, 1909, 1910 आणि 1913 अशी चार अजिंक्यपदं जिंकली, त्यांचं मूळ या एंजल मैदानात आहे.

ब्लाइथ दोन वर्षांत तयार झाला. ऑगस्ट 1899 मध्ये टनब्रिजलाच यॉर्कशायरविरुद्ध पहिला सामना मिळाला आणि प्रथम श्रेणीतल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर त्याने फ्रँक मिचेलचा त्रिफळा उडवला.

आता हजेरीपटाकडे येऊ. कौंटीचा हंगाम मे महिन्यात सुरू व्हायचा आणि ऑगस्ट संपता संपता आटोपायचा. सामना तीन दिवसांचा. सोमवार ते बुधवार एक, गुरुवार ते शनिवार दुसरा, रविवारी सुट्टी. बुधवारी संध्याकाळी खेळ संपला की सामान आवरून आगगाडी पकडायची आणि गुरुवारी सकाळी दुसऱ्या गावात पुन्हा चेंडू हातात घ्यायचा. घरचे सामनेही एका जागी नसत. कँटरबरी, टनब्रिज, टनब्रिज वेल्स, मेडस्टोन, डोव्हर, फोकस्टन, ग्रेव्हसेंड, ब्लॅकहीथ, कॅटफर्ड. ऊरूस गावोगाव फिरावा तसा संघ फिरायचा, आणि गावात 'क्रिकेटचा आठवडा' आला की पताका लागायच्या, बँड वाजायचे.

ब्लाइथच्या 439 सामन्यांना 16 हंगामांनी भागलं तर वर्षाला 27 सामने येतात आणि बळींची सरासरी दीडशेच्या वर जाते. 1909 मध्ये त्याने 215 बळी घेतले. 1912 मध्ये 178, तेही प्रत्येकी 12.26 धावांत. चांगल्या हंगामात हजाराहून जास्त षटकं त्याच्या खांद्यावरून जात. त्या खांद्याला विश्रांती द्यायची ही कल्पनाही त्या काळात कुणाला सुचली नसती, कारण गोलंदाजी हे त्याचं पोटापाण्याचं काम होतं.

या 'काम' शब्दापाशी जरा थांबायला हवं, कारण इथंच त्या काळच्या क्रिकेटची खरी गाठ आहे.

संघात दोन जातीचे खेळाडू असत. 'जात' हा शब्द मी जाणूनबुजून वापरतोय. एक हौशी, म्हणजे घरचे सुखवस्तू, बड्या शाळांमधून आणि विद्यापीठांमधून आलेले, कागदोपत्री पैसे न घेता खेळणारे. दुसरे व्यावसायिक, म्हणजे मजुरी घेऊन खेळणारे. दोघांच्या कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या. बऱ्याच मैदानांवर आत शिरायची फाटकंसुद्धा वेगळी. छापील धावफलकावर हौशी खेळाडूच्या नावामागे 'मिस्टर' किंवा त्याची आद्याक्षरं सन्मानाने पुढं, आणि व्यावसायिकाचं नुसतं आडनाव. कर्णधार हौशीच असायचा, त्याला खेळ किती येतो हा प्रश्न नंतरचा. ही विभागणी थेट 1962 च्या अखेरीपर्यंत टिकली.

मजुरी किती? सामन्यामागे साधारण पाच ते सहा पौंड. कारखान्यातल्या मजुरापेक्षा ही कमाई बरी, पण प्रवास, राहणं, जेवण, पांढरे कपडे हे सगळं बहुतेकदा त्यातूनच भागवायचं. आणि क्रिकेट वर्षातले चारच महिने. उरलेल्या आठ महिन्यांचं काय? केंटसारख्या काही कौंट्या हिवाळ्यातही आठवड्याला थोडे पैसे देत, पण बाकीच्या ठिकाणचे खेळाडू हिवाळा आला की परत कोळशाच्या खाणीत किंवा मिळेल त्या कामावर जात. ब्लाइथ व्हायोलिन फार चांगलं वाजवायचा. टनब्रिज वेल्समधल्या वाद्यवृंदात तो वाजवत असे. ज्या डाव्या हाताच्या बोटांनी उन्हाळ्यात चेंडूला फिरकी द्यायची, तीच बोटं हिवाळ्यात तारांवर फिरायची. हे वाचल्यापासून त्याच्या गोलंदाजीची वर्णनं मला वेगळीच ऐकू येतात.

म्हातारपणाची सोय म्हणजे एकच, 'बेनिफिट'. दहाएक वर्षं इमानाने चाकरी केली की कौंटी तुम्हाला एक सामना बहाल करायची. त्या सामन्याच्या तिकिटांचे पैसे, खर्च वजा जाता, तुमचे. ऐकायला छान वाटतं. पण पाऊस पडला तर? सामना दीड दिवसात संपला तर? सरे कौंटीच्या जॅक हॉब्जसारख्या महान फलंदाजाचा बेनिफिट 1914 च्या ऑगस्टमध्ये होता, केंटविरुद्ध, ओव्हल मैदानावर. नेमकं त्याच वेळी महायुद्ध सुरू झालं, ओव्हल लष्कराने ताब्यात घेतलं, सामना लॉर्ड्सला न्यावा लागला आणि दोन दिवसांत संपला. त्या सामन्यात सरेचे नऊ गडी एका डावात कुणी गुंडाळले? ब्लाइथने, 97 धावांत 9. व्यावसायिकाने दुसऱ्या व्यावसायिकाची पुंजी राखायला हात आखडता घ्यावा अशी रीत नव्हती. सरेने युद्धानंतर, 1919 मध्ये, हॉब्जला पुन्हा बेनिफिट दिला, पण असं नशीब सगळ्यांचं नसतं.

ब्लाइथला त्याचा बेनिफिट 1909 मध्ये मिळाला. अशी रक्कम कौंट्या बहुधा खेळाडूच्या हातात देत नसत. विश्वस्त ती गुंतवत आणि व्याज त्याला देत. मजुराला पैसा सांभाळता येत नाही, ही त्यामागची समजूत. केंटच्याच जेम्स सीमोर या फलंदाजाच्या बेनिफिटवर सरकारने प्राप्तिकर मागितला तेव्हा भांडण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि 1927 मध्ये निकाल लागला की हा पगार नव्हे, लोकांनी दिलेली भेट आहे, म्हणून कर नाही. सीमोरच्या पाठीशी उभे राहिले ते लॉर्ड हॅरिस, केंट क्रिकेटचे सर्वेसर्वा. हे नाव आपल्याकडच्या वाचकांना ओळखीचं वाटेल. 1890 ते 1895 या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते, तेच हे हॅरिस.

आता त्याच्या डाव्या हाताकडे वळू. ब्लाइथ संथ डावखुरा फिरकी गोलंदाज. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजासाठी त्याचा नेहमीचा चेंडू टप्पा पडल्यावर बाहेर जायचा. चेंडूला तो उंची द्यायचा, पुढं ये म्हणून बोलवायचा, आणि फलंदाज पुढं आला की टप्पा त्याच्या हातभर अलीकडे पडायचा. अधूनमधून तोच हात, तीच धाव, पण चेंडू वेगाने आत शिरायचा. बाहेर जाणारा समजून बॅट लावावी तर पाय नाही तर यष्टी हमखास सापडायची. हे दोन चेंडू ओळखू न येण्यात त्याची सगळी कला होती. टाकण्याआधी डावा हात पाठीमागे नेऊन तो छोट्या पावलांनी यायचा, आणि ते बघणाऱ्यांना नाचासारखं वाटायचं.

पण खेळपट्टी समजून घेतल्याशिवाय त्याचे आकडे कळणार नाहीत. त्या काळी खेळपट्टी झाकत नसत. पाऊस आला की सरळ तिच्यावर. भर पावसाळ्यात खेळली जाणारी कांगा लीग पाहिलेल्या मुंबईकरांना यातला अर्धा भाग सांगायला नको. जुलैत आझाद मैदानाच्या कडेला छत्री घेऊन उभं राहिलं की चांगल्या चांगल्या फलंदाजांची काय तारांबळ उडते ते दिसतं. इंग्लंडमध्ये मात्र एक गोष्ट जास्तीची आहे. पूर्ण भिजलेली खेळपट्टी फलंदाजाला तितकी छळत नाही. चेंडू नुसता घसरतो आणि गोलंदाजाला ओल्या चेंडूवर पकडही मिळत नाही. खरा खेळ सुरू होतो पाऊस थांबून ऊन पडल्यावर. वरचा थर वाळतो, खाली ओल तशीच. पोळीवर पापुद्रा यावा तशी वर एक पातळ पपडी धरते. चेंडू ती पपडी फोडतो, खालच्या ओलसर मातीत जरा अडकतो, आणि मग कधी छातीपर्यंत उसळतो, कधी काटकोनात वळतो. प्रत्येक चेंडू निराळा. याला ते चिकट खेळपट्टी म्हणत. अशा वेळी वेगवान गोलंदाज घसरून पडायचे आणि कर्णधार डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाकडे बघायचा.

नॉर्दम्प्टन, 1907. सामना ब्लाइथच्या वाढदिवशी, 30 मे रोजी सुरू झाला. पावसाने पहिल्या दिवशी थोडाच खेळ होऊ दिला, दुसरा दिवस पूर्ण गेला. उरला 1 जून, शनिवार. केंटचा डाव 254 वर संपला आणि नॉर्दम्प्टनशायरचे फलंदाज मैदानात उतरले. पहिला डाव 60 धावांत संपला, त्यातले दहाच्या दहा बळी ब्लाइथचे, 30 धावांत. फॉलोऑन, म्हणजे लगेच पुन्हा त्यांचीच फलंदाजी. दुसरा डाव 39, ब्लाइथचे 7 बळी 18 धावांत. एका दिवसात 17 बळी, एकूण 48 धावा देऊन. त्याच्याआधी एका दिवसात एवढे बळी कुणी घेतले नव्हते. नंतर फक्त दोघांनी घेतले: हेडली व्हेरिटीने 1933 मध्ये आणि टॉम गॉडर्डने 1939 मध्ये. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोच टप्पा, तीच दिशा, आणि एकाही फलंदाजाला दम घेऊ द्यायचा नाही. खेळपट्टीने मदत केली हे खरंच, पण ती मदत दुसऱ्या टोकाच्या गोलंदाजालाही होतीच की.

खेळपट्टीची करामत बघायची तर आणखी एक सामना सांगतो. 1913, टनब्रिज, वॉरविकशायर. पहिल्या डावात त्यांनी 262 केल्या, केंटला 132 मध्ये गुंडाळलं. सामना हातात आलाच होता. पाऊस पडला. दुसऱ्या डावात वॉरविकशायर 62 चेंडूंत सर्वबाद 16. ब्लाइथ 8 धावांत 5, फ्रँक वूली 8 धावांत 5. मग त्याच खेळपट्टीवर वूलीने नाबाद 76 करून सामना जिंकून दिला. हा वूली टनब्रिजचाच, लहानपणी एंजल मैदानावर ब्लाइथची गोलंदाजी बघत वाढलेला. आणि 1906 मध्ये त्याला केंटकडून पहिली संधी मिळाली ती ब्लाइथ जखमी होता म्हणून.

त्या 1906 च्या अजिंक्यपदाची गणितं समजावतो, कारण ती आज कुणाला ठाऊक नसतात. सगळ्या कौंट्या सारखे सामने खेळत नसत. केंटने 22 खेळले, यॉर्कशायरने 28. मग तुलना कशी करायची? विजयाला एक गुण, पराभवाला एक गुण वजा, अनिर्णित सामना मोजायचाच नाही, आणि उरलेल्या सामन्यांवर टक्केवारी काढायची. केंट 16 जिंकले, 2 हरले, म्हणजे 18 सामन्यांत 14 गुण, 77.77 टक्के. यॉर्कशायर 17 जिंकले, 3 हरले, म्हणजे 20 सामन्यांत 14 गुण, 70 टक्के. त्या तीन पराभवांपैकी एक ऑगस्टमध्ये ब्रिस्टलला, ग्लॉस्टरशायरकडून, एका धावेने. तो सामना जिंकला असता तर यॉर्कशायर 80 टक्क्यांवर गेलं असतं आणि केंट दुसरं आलं असतं. सोळा वर्षांच्या कारकिर्दीतलं पहिलं अजिंक्यपद ब्लाइथला दूरच्या मैदानावरच्या त्या एका धावेने मिळवून दिलं.

याच काळात आपल्याकडेही एक डावखुरा फिरकी गोलंदाज होता, पालवणकर बाळू. ब्लाइथपेक्षा तीन वर्षांनी मोठे. पुण्यात क्लबची खेळपट्टी सांभाळायची आणि इंग्रज साहेबांना नेटमध्ये तासन्‌तास गोलंदाजी करायची, महिन्याला हातावर मोजण्याइतके रुपये. त्या नेटमध्ये समोर असायचे जे. जी. ग्रेग, जे पुढं हॅम्पशायरकडून कौंटी क्रिकेटही खेळले. बाळूंना बॅट मात्र कुणी दिली नाही. दलित म्हणून त्यांचा चहा पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या भांड्यात. 1911 मध्ये भारतीय संघ इंग्लंडला गेला तेव्हा बाळूंनी सगळ्या सामन्यांत मिळून 114 बळी घेतले. ब्लाइथचं आणि बाळूंचं आयुष्य एका मापाने मोजता येणार नाही. बाळूंना जे सोसावं लागलं ते ब्लाइथच्या वाट्याला आलं नाही. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी दिसते: फलंदाजी हा साहेबाचा मान आणि गोलंदाजी ही चाकराची मेहनत, ही वाटणी.

राहिला 19 कसोट्यांचा प्रश्न.

पहिलं कारण साधं. कसोट्याच कमी होत. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका, एवढेच देश. दुसरं कारण विल्फ्रेड रोड्स. यॉर्कशायरचा हा खेळाडूसुद्धा डावखुरा फिरकी गोलंदाज, वर उत्तम फलंदाजही. एकाच प्रकारचे दोन गोलंदाज घ्यायचे तर दुसरी बाजू लंगडी पडते. गंमत अशी की ब्लाइथचा कसोटीत प्रवेशच रोड्समुळे झाला. 1901-02 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी यॉर्कशायरने रोड्सला सोडलं नाही, म्हणून ब्लाइथ बोटीत चढला आणि सिडनीच्या पहिल्याच कसोटीत त्याने 7 बळी घेतले.

तिसरं कारण सगळ्यांत मोठं, आणि त्याबद्दल बोलताना आवाज खाली येतो. ब्लाइथला अपस्माराचा, म्हणजे फिट येण्याचा, आजार होता. कौंटी सामन्यात तो दिवसभर गोलंदाजी करून संध्याकाळी व्हायोलिन वाजवू शकायचा. कसोटी मात्र त्याला आतून पिळून काढायची. 1907 च्या जुलैअखेर लीड्सला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध इंग्लंड पहिल्या डावात 76 वर बाद झालं. ब्लाइथने पहिल्या डावात 59 धावांत 8 आणि दुसऱ्या डावात 40 धावांत 7 बळी घेतले. इंग्लंड 53 धावांनी जिंकलं. आणि हा सामना संपल्यावर तो पार गळून गेला होता. 1909 मध्ये बर्मिंगहॅमला ऑस्ट्रेलियाचे वीसच्या वीस गडी त्याने आणि जॉर्ज हर्स्टने वाटून घेतले, ब्लाइथने 11, हर्स्टने 9. त्यानंतर तज्ज्ञ डॉक्टरांनी लेखी सांगितलं की कसोटीच्या ताणाचा त्याच्या मज्जासंस्थेवर होणारा परिणाम पुढं आठवडाभर टिकतो. लॉर्ड्सच्या पुढच्या कसोटीत तो नव्हता.

मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. शंभर वर्षांपूर्वी, खेळाडूच्या मनाचा आणि मेंदूचा विचार करायची पद्धत नसताना, एका मजुरी घेऊन खेळणाऱ्या गोलंदाजासाठी हे लिहिलं गेलं आणि ऐकलंही गेलं. काही लोकांनी त्याला कच्च्या मनाचा ठरवलं. आकडे बघा. मार्च 1910 मध्ये केपटाऊनला तो शेवटची कसोटी खेळला आणि पहिल्या डावात 46 धावांत 7, सामन्यात 10 बळी घेऊन शंभरावर थांबला. सरासरी 18.63. कच्चं मन असं काम करत नाही.

1914 च्या हंगामातही त्याने 170 बळी घेतले. वय 35. हात अजून शाबूत. तेवढ्यात युद्ध आलं. आजाराचं कारण पुढं करून तो सहज घरी राहू शकला असता. तो केंटच्याच काही सहकाऱ्यांबरोबर रॉयल इंजिनीअर्सच्या केंट तुकडीत भरती झाला. लहानपणी शिकलेलं फिटरचं काम उपयोगी आलं, सार्जंट झाला. 1917 मध्ये त्याने जाहीर केलं की आता प्रथम श्रेणी क्रिकेट पुरे, आणि युद्ध संपल्यावर ईटन शाळेत प्रशिक्षकाची जागाही ठरली होती. मजुरीच्या क्रिकेटमधून निवृत्त होणाऱ्यासाठी ती फार चांगली, स्थिर नोकरी.

8 नोव्हेंबर 1917 च्या रात्री, बेल्जियममध्ये पॅशनडेलजवळ, लष्करी रेल्वेमार्गाचं काम करणाऱ्या टोळीजवळ तोफगोळा फुटला. ब्लाइथ तिथंच गेला. वय 38. खिशातल्या पाकिटातून लोखंडाचा तुकडा आरपार गेला होता. भोक पडलेलं ते पाकीट केंटने जपून ठेवलं.

कँटरबरीच्या मैदानावर त्याचं स्मारक आहे. पण त्याच्याही आधीचं एक स्मारक म्हणता येईल असं चित्र आहे. 1906 च्या अजिंक्यपदाची आठवण म्हणून लॉर्ड हॅरिस यांनी अल्बर्ट शेव्हालिए टेलर या चित्रकाराकडून ते काढून घेतलं. केंट विरुद्ध लँकशायर, कँटरबरीचं हिरवं मैदान, मागे तंबू आणि झाडं. हॅरिस यांनी चित्रकाराला अट घातली होती की गोलंदाजी करताना ब्लाइथच दिसला पाहिजे. चित्रात तो आहे, डावा हात वर येतोय, आणि अख्खा संघ त्या हाताकडे बघतोय. 2006 मध्ये केंटला पैशांची गरज पडली तेव्हा हे चित्र लिलावात मोठ्या किमतीला गेलं आणि नंतर लॉर्ड्सवर लावलं गेलं.

त्याची कबर बेल्जियममध्ये ईप्रजवळ, ऑक्सफर्ड रोड दफनभूमीत आहे, इतर शेकडो सैनिकांच्या रांगेत, सगळ्यांसारखीच पांढरी शिळा. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या 2009 च्या ॲशेस मालिकेआधी इंग्लंडचा संघ तिथं गेला होता. त्यांनी जाताना कबरीपाशी दगडात कोरलेला एक क्रिकेटचा चेंडू ठेवला.